आपापल्या जागी

भोंगा वाजला आणि मी बायकोचा हात सोडला. एवढंच झालं. जहाज अजून धक्क्याला बांधलेलं होतं. समोर शहर होतं, त्यातल्या एका उंच इमारतीत कचेऱ्या होत्या आणि खिडक्यांमधून खाली माना घालून बसलेली माणसं दिसत होती. आम्ही दोघं वरच्या डेकवर कठड्याला टेकून उभे होतो. “बघा हो, बिचाऱ्यांचा सोमवार आहे,” बायको म्हणाली आणि हसता हसता तिनं माझा हात धरला. चार माणसांत हात धरायची आमची रीत नाही. मी अवघडलो, पण हात तसाच राहू दिला. सुट्टीवर आलेली माणसं असंच काहीतरी करत असावीत अशी मनाची समजूत घातली. तेवढ्यात भोंगा झाला. तो सरावाचा असेल, वाजला की केशरी जाकीट घ्यायचं आणि नेमून दिलेल्या बोटीखाली जाऊन उभं राहायचं, हे सकाळपासून गोड आवाजात पुन्हा पुन्हा सांगून झालं होतं आणि दर वेळी मी शहाण्यासारखी मान डोलावली होती. पण मान वेगळी आणि पाय वेगळे. पुढचं सगळं मला पायांनीच आठवतं. जिना, वळण, जिना. खालून वर येणाऱ्या माणसांचा लोंढा, त्यांची सुट्टीची टोप्या-चष्म्यांची तोंडं, आणि भिंतीला खांदा घासत उलटा खाली चाललेला मी, पायांत सपाता, वयाला न शोभणारा वेग. पायांखालचा गालिचा संपला, लाकडी रंगाच्या भिंती संपल्या आणि पांढऱ्या रंगाचं उघडं लोखंड सुरू झालं, तेव्हा मला घरी आल्यासारखं वाटलं. एका जाड दरवाजापाशी मी थांबलो. त्याच्या मुठीवर माझा हात होता. कानांवर आवाज अडवणाऱ्या टोप्या चढवलेली, तेलकट डगल्यातली एक बाई समोर आली, इंजिनखात्यातली असावी. “काका, इकडे कुठं?” ती म्हणाली. “माझी जागा,” मी म्हणालो. तिनं माझ्या सपातांकडे बघितलं, मग तोंडाकडे. “तुमची जागा वर आहे, काका,” ती हळू आवाजात म्हणाली. वर, ध्वनिक्षेपकावरून, आमच्या खोलीचा क्रमांक पुकारला जात होता.

वर सगळे रांगा करून उभे होते. केशरी जाकिटांतली शे-दोनशे माणसं, पोराबाळांसकट, एका म्हाताऱ्यासाठी उन्हात खोळंबलेली. मी आलो तसे कोणीतरी टाळ्या वाजवल्या, मग बऱ्याच जणांनी वाजवल्या. कुचेष्टेनं नाही, मजेनं. पण लाजऱ्या माणसाला दोन्ही सारखंच. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. बायकोनं बघितलं नाही. ती शहराकडे बघत होती. मी शेजारी जाऊन उभा राहिल्यावर तिनं नुसतं विचारलं, “पाय मुरगळला नाही ना?” आणि मी नाही म्हटल्यावर, “मग ठीक,” म्हणाली. हे “मग ठीक” मी ओळखतो. तिच्या बोलण्यात हा शब्द म्हणजे कुलूप.

मी आरमारात होतो, म्हणजे खाली होतो. आरमार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पांढरा पोशाख येतो, दुर्बीण येते, वाऱ्यावर फडफडणारं निशाण येतं. माझ्या वाट्याला बॉयलर आला. आमची जागा पाण्याच्या पातळीखाली; समुद्र म्हणजे माझ्या लेखी एक आवाज होता, पत्र्यापलीकडून कोणीतरी सतत खरवडत असल्यासारखा. घरी आल्यावर शेजारपाजारचे विचारत, “कसा असतो हो भर समुद्र?” आणि मी “मोठा असतो,” एवढंच म्हणे. ते हसत, मला विनोद जमला असं वाटून. विनोद नव्हता तो. त्यापलीकडे मला ठाऊकच नव्हतं. पाळी संपली की वर येऊन बघता आलं असतं, नाही असं नाही. पण पाळी संपली की मी फळीवर आडवा होऊन वाचत असे. घामानं पुस्तकांची पानं फुगायची, कडा तेलकट व्हायच्या. त्यामुळे खात्यात माझं नाव पडलं ‘पोथी’. नाव ठेवलं आमच्या मुख्य कारागिरानं. त्याला आम्ही त्याच्या माघारी हत्तीमामा म्हणत असू, आणि त्याला ते माहीत होतं. भोंगा झाला आणि “आपापल्या जागी!” असा पुकारा आला की हत्तीमामा एवढंच ओरडायचा, “पोथी, खाली!” खालच्याही खाली एक कोंदट खण होता, त्यात एक पंप, काही झडपा आणि दाबाचा काटा दाखवणारी एक काचेची तबकडी. ती माझी जागा. मी शिडीवरून उतरलो की वरचं लोखंडी झाकण बंद होत असे. त्या झाकणाच्या खिट्ट्या वरच्या बाजूला होत्या. असं का, हे कोणी कोणाला विचारत नसे. खणात पाणी शिरलं तर ते वर यायला नको, इतकी साधी गोष्ट. पण साध्या गोष्टी बोलून दाखवल्या की तिथं राहवत नाही, म्हणून बोलायच्या नाहीत. पहिल्यांदा झाकण बंद झालं त्या दिवशी मी घरचा विचार करत बसलो आणि दाब चढलेला मला कळला नाही. हत्तीमामानं नंतर मला शिव्या दिल्या नाहीत. शेजारी बसून तो म्हणाला, “पोथी, खाली गेल्यावर बायको नाही, पोरगी नाही. काटा. काटा बघायचा. तू काटा बघितलास, तर वरच्या सगळ्यांच्या बायका सुखात.” तेव्हापासून मी काटा बघितला. इतका मन लावून मी पुस्तकसुद्धा कधी वाचलं नाही. भोंगा कानात शिरायचा तो थेट गुडघ्यांत उतरायचा, मधे कुठं थांबत नसे. आणि गुडघे हलले की डोक्यातली सगळी माणसं, आई, बायको, न बघितलेली मुलगी, अशी एका ओळीत उठून बाहेर जायची, दार लावून घ्यायची. ही मोठी कला होती. ती मला साधली होती. आयुष्यात मला नीट साधलेली तेवढीच गोष्ट, असं मला वाटत आलं आहे, आणि ती इतक्या वर्षांनी, सपाता घालून, अशी बाहेर पडली.

जहाज निघालं. निघाल्याचं कळलंसुद्धा नाही. शहर आपणहून मागे सरकल्यासारखं सरकलं. ही सफर मुलीनं आम्हाला दिलेली भेट. “बाबा, तुम्ही आईला एकदा तरी जहाजावर न्या. ती जन्मभर जहाजाचा फक्त हेवा करत आली आहे,” असं ती म्हणाली होती. मला यायचं नव्हतं. जहाजावर मी करणार काय? नोकरीत जहाजावरच्या प्रत्येक वस्तूला काम होतं, खिळ्यालाही, आणि माणूस म्हणजे हात असलेला खिळा. इथं माझं काम एकच, खूश राहायचं. ते मला जमेना. तिथं झोपायला फळी, तीवर दुसरी फळी, तीवर तिसरी, आणि वरचा कुशीवर वळला की खालच्याच्या तोंडावर गंज पडायचा. इथं पलंग असा, की रात्री बायको त्यावर शोधावी लागायची. तिथं अंघोळीला मोजकं पाणी, तेही कधी खारं, अंगाला साबण धरायचा नाही. इथं शोभेसाठी पाणी भिंतीवरून सोडलेलं. पहिल्या सकाळी उठल्याबरोबर मी पलंग आवरला. चादर ताणून कोपरे घडी घालून आत खोचले, न्हाणीघर पुसून घेतलं, आणि खोली आवरणारी बाई आली तर दारातच थबकली. “काका, माझं काही चुकलं का?” ती रडवेली झाली. पाहुण्यानं स्वतः आवरलं म्हणजे तिच्यावर नाराजी, असा इथला हिशेब. माझी बायको हसत सुटली. “अगं, ते घरीसुद्धा पाहुणे असल्यासारखे आवरतात,” ती म्हणाली. दोघी हसल्या. मीही हसलो, पण ते ‘पाहुणे’ मला कुसळासारखं लागलं. बोलताना तिनं माझ्याकडे बघितलं नव्हतं. आदल्या दिवसापासून ती माझ्याशी उत्तम वागत होती. चहा साखर घालून हातात देत होती, चष्मा पुसून ठेवत होती, आणि हात धरत नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही खोलीबाहेरच्या सज्जात बसलो होतो. समोर समुद्र, अखंड, चित्रासारखा, आणि आवाज जवळजवळ नाहीच. मला चुकल्यासारखं वाटत होतं. बहिऱ्या माणसाशी बोलायला बसल्यासारखं. बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, सेवानिवृत्त होईपर्यंत. दिवसभर कानाला यंत्र लावून लोकांची लोकांशी गाठ घालून द्यायची. आणि स्वतःच्या नवऱ्याला मात्र लावता येईल असा क्रमांकच जगात नव्हता. त्यामुळे तिला एक सवय आहे. बोलण्याआधी ती थोडी थांबते, पलीकडे कोणी आहे ना याची खात्री करून घेतल्यासारखी. तशी थांबून ती म्हणाली, “मला आता कळलं, तुम्ही कसे जायचात ते.”

“कसे म्हणजे?”

“मागे न बघता.”

गल्लीच्या वळणावर मी दर वेळी थांबत असे, पिशवी खाली ठेवून हात हलवत असे. ती दारात उभी असायची. माझ्या मनातलं ते ऐकू आल्यासारखी ती म्हणाली, “ते गल्लीतलं जाणं होतं हो. माणसांना दाखवायचं. मी इतकी वर्षं तेच जाणं धरून बसले होते. काल खरं बघितलं. तुम्ही हात सोडलात म्हणून नाही काही. हात सोडताना तुमचं तोंड... तिथं मी नव्हतेच.”

“अगं, भोंगा झाला की तसं...”

“माहीत आहे. शिकवलेलं असतं. मी कुठं रागावले आहे?”

रागावली असती तर सोपं होतं. रागाला उत्तर देता येतं, निदान गप्प तरी बसता येतं. ती शांतपणे शालीची कड सरळ करत होती. “एक विचारू? खरंच काही झालं, आग वगैरे, तर तुम्ही खालीच जाल ना?” मी तोंड उघडलं. नाही, तुझ्याकडे येईन, एवढंच म्हणायचं होतं. पण पायांच्या वतीनं बोलायचा मला काय अधिकार? मी तोंड मिटलं. “जाऊ दे,” ती म्हणाली, “आधी माहीत असलं की बरं असतं. मी वर उभी राहीन. सवय आहे.” आणि मग, जणू काही विशेष बोलणं झालंच नव्हतं अशा आवाजात, “आत चला, वारं लागेल.”

आमच्या जेवणाच्या मेजावर एक तोफवाले होते. आरमारातलेच, दुसऱ्या जहाजावरचे, तोफांच्या आवाजानं दोन्ही कान गेलेले, एकटे आलेले. त्यांना सगळं जहाज ऐकू जाईल असं कुजबुजायची खोड होती. “अहो इंजिनवाले,” ते पहिल्याच दिवशी म्हणाले, “तुम्ही ते सरावाला खाली पळालेले ना? मी टाळ्या वाजवल्या!” मी बशीत बघत राहिलो. त्यांना हे जहाज अतिशय मानवलं होतं. “नोकरीत समुद्राची चाकरी केली. आता म्हटलं, समुद्रानं माझी करावी. तिथं भोंगा झाला की पोटात गोळा, इथं भोंगा झाला की पोटात आइस्क्रीम. अजून काय पाहिजे माणसाला?” बायकोला ते फार आवडायचे. ती त्यांच्या कानात ओरडून बोलायची, एक्स्चेंजच्या स्वच्छ आवाजात, आणि त्यांना तिचं सगळं समजायचं, माझं काही नाही. त्या संध्याकाळनंतर, दुसऱ्या दिवशी सकाळी, तोफवाल्यांनी मला जिन्याच्या वळणावर पकडलं. मी तिथं जरा विचित्र अवस्थेत होतो. एक पाय वरच्या पायरीवर, एक खालच्या, डोळे मिटलेले.

“काय शोधताय?”

“जागा,” मी म्हणालो.

आणि मग मी त्यांना सांगितलं. मी हे कोणाला का सांगावं, आणि तेही असं ओरडून, मला अजून कळत नाही. कदाचित बहिऱ्या माणसाला सांगणं भिंतीला सांगण्याइतकंच सोपं वाटलं असेल. म्हटलं, जहाजात कुठंही असलो तरी तिथून बोटीखालच्या जागेपर्यंत चालत जायचा सराव करतोय. वाचनालयातून, जेवणघरातून, न्हाव्याच्या दुकानातून. डोळे उघडे असले की बरोबर जातो. डोळे मिटून भोंगा आठवला की उजवा पाय खाली जातो. मी हसण्यावारी नेण्याच्या तयारीत होतो. ते हसले नाहीत. जिन्यावर बसले, कठड्याला धरून, आणि चक्क हळू आवाजात बोलले. “तुम्ही खालचे लोक. आम्ही वरती निदान बघत तरी होतो काय येतंय ते. तुम्हाला दिसायचं नाही, कळायचं नाही, तरी शिडी उतरायचात. मला कधी जमलं नसतं. पण आता उलटं शिकायचं म्हणता, या वयात?” मी मान हलवली. “शिका,” ते म्हणाले. “माझं शिकायचं राहून गेलं. आमची ही दवाखान्यात होती तेव्हा मी सारखा धावतच होतो, औषधं आण, डॉक्टरला गाठ, बिल भर. आपली जागा! तिच्या उशाशी बस म्हणून कोणी सांगितलंच नाही. तुमची उभी आहे ना अजून बोटीखाली? मग चला. मी भोंगा.”

आणि ते भोंगा झाले. दोन्ही हातांचा कर्णा करून त्यांनी जो आवाज काढला, “पों! पों! पोंऽऽ!”, त्यानं वरच्या मजल्यावरची तीन दारं उघडली. माझा उजवा पाय खाली गेला. “परत!” तोफवाले ओरडले. कित्येक वर्षांत मला कोणी असं ओरडलं नव्हतं, बरं वाटलं. पुढचे दिवस ते कुठूनही उगवायचे. मी वाचनालयात पान उलटतोय तर कपाटाआडून “पों!” मी न्हाव्यापुढे मान वाकवून बसलोय तर आरशात त्यांचं तोंड, “पों!” न्हावी दचकला, माझा कल्ला एका बाजूनं वर गेला. बायको म्हणाली, “काय खेळ चाललाय दोघांचा?” तोफवाले म्हणाले, “आरमारी गुपित आहे, वहिनी.” पाय कधी वर जाई, कधी खाली, कधी दोन्ही जागच्या जागी घट्ट, आणि तेच मला सर्वांत वाईट वाटे. मुलगी जन्मली तेव्हा मी खाली होतो. तिला पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती रांगत होती. दारात मला बघून तिनं जो टाहो फोडला, त्यात आणि भोंग्यात मला तेव्हा काही फरक वाटला नाही, मी पिशवीसकट मागे सरकलो आणि बायको म्हणाली, “अहो, पुढे या की, ती खात नाही.” पुढे यायला मला बराच वेळ लागला होता. या गोष्टी मी त्या जिन्यावर चढता-उतरता आठवायचो आणि वाटायचं, माणसाचे पाय एकदाच शिकतात. वाचलेल्या पुस्तकांत किती माणसं बदलली होती! पण ती पुस्तकातली. त्यांना गुडघे नसतात.

परतीच्या वाटेवर, जेवणाच्या थोडं आधी, मी वाचनालयात होतो. लहानशी खोली, पुस्तकं पडू नयेत म्हणून फळ्यांना पितळी दांड्या, आणि माझ्याशिवाय कोणी नाही. बायको सर्वांत वरच्या डेकवर नाच शिकायला गेली होती. हो, नाच, वयस्कर बायकांचा वर्ग होता, आणि ती रोज लालबुंद होऊन परत यायची. भोंगा झाला. मी पानावरून मान न उचलता म्हणालो, “पुरे आता, तोफवाले.” कपाटाआड कोणी नव्हतं. भोंगा थांबला नाही. मग तोच गोड आवाज, पण आता गोड नव्हता. हा सराव नाही, असं म्हणाला, आणि आपापल्या बोटीखाली जमायला सांगितलं. मी उठलो होतो. पुस्तक खाली पडलं होतं. धुराचा वास होता, अगदी थोडा, जळलेल्या तेलाचा, आणि त्या वासानं माझं अर्धं आयुष्य एकदम माझ्या नाकात आलं. मी जिन्याच्या वळणावर पोचलो. वरून खलाशी येत होते, पांढऱ्या सदऱ्यांतले, तोंडं कोरी, मागे न बघणारी, आणि पायऱ्या न मोजता खाली झेपावत होते. मला ती तोंडं माहीत होती. ते माझं तोंड होतं. त्या दिवशी वरच्या डेकवर बायकोनं जे बघितलं होतं ते मी आता बघत होतो: त्यात कोणी नव्हतं, सगळी माणसं दार लावून बाहेर गेलेली होती, आणि म्हणूनच ते तोंड इतकं स्वच्छ होतं. किती सुंदर होतं ते! हे मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. माझा उजवा पाय खालच्या पायरीवर गेला. गुडघा वाकला. खाली झडपा आहेत, पंप आहे, कोणीतरी काटा बघायला पाहिजे. त्यांतला एक जण माझ्या शेजारून जाताना, न थांबता, माझ्या खांद्याला धरून मला भिंतीकडे सरकवून म्हणाला, “आम्ही आहोत, काका.”

आम्ही आहोत. बस, तेवढंच. मला वाटतं, मला खाली धाडणारा हत्तीमामा वर न बोलावताच मेला त्या दिवसापासून मी या दोन शब्दांची वाट बघत होतो, आणि ती वाट बघतोय हे मला माहीत नव्हतं. कोणी सुटका केलीच नव्हती. निवृत्तीच्या दिवशी समारंभ झाला, घड्याळ मिळालं, पण त्या खणातून वर ये असं कोणी म्हणालं नव्हतं. झाकणाच्या खिट्ट्या वरच्या बाजूला होत्या. मी खालच्या पायरीवरचा पाय उचलला. सांगायला सोपं आहे. तो जड होता, पाण्यातून काढल्यासारखा. वरच्या पायरीवर ठेवला. मग दुसरा. मग मी पळत होतो, वर, आणि या वेळी लोंढा खाली येत होता, बोटींच्या मजल्याकडे, आणि मी पुन्हा उलटाच; कारण मी आमच्या बोटीकडे गेलोच नाही. थेट वर गेलो, नाचाच्या डेकवर, ती जिथं असायला हवी होती तिथं. नियमाप्रमाणे हेही चूकच. पण ही चूक मी याआधी कधीच केली नव्हती. माझा श्वास फाटत होता, आणि त्या फाटक्या श्वासात मला एक आनंद होत होता, लहान मुलाला जिने चढायला यायला लागल्यावर होतो तसा. डेक रिकामा होता. एका खुर्चीवर कोणाचा तरी रुमाल. गाण्याची तबकडी तशीच फिरत होती. ती गेली होती, जिथं जायला हवं तिथं, सांगितल्याप्रमाणे.

मी दुसऱ्या बाजूच्या जिन्यानं खाली उतरलो आणि बोटींच्या मजल्यावर मागच्या दारानं आलो. रांगा लागल्या होत्या. आणि ती मला पाठमोरी दिसली. ती रांगेच्या टोकाला उभी होती, जाकीट चढवून, माझं जाकीट छातीशी दोन्ही हातांनी धरून, आणि खाली जाणाऱ्या जिन्याच्या तोंडाकडे बघत होती. मी तिथून येणार म्हणून. मी थांबलो. हाक मारायला हवी होती, आणि मी मारली नाही, हा स्वार्थच. पण मला बघायचं होतं. ती वाट कशी बघते हे मी कधीच बघितलं नव्हतं. इतक्यांदा परत आलो, प्रत्येक वेळी तिनं मला आधी बघितलेलं असायचं, आणि तोवर ते वाट बघणं उरकून, आवरून, चुलीवर पाणी ठेवलेलं असायचं. आता ते माझ्यापुढे होतं, उघडं. ती एका पायावरचं वजन दुसऱ्या पायावर घेत होती. मान किंचित पुढे. जिन्यात कोणाचं डोकं दिसलं की खांदे वर येत, तो दुसराच कोणी निघाला की खाली जात, पण तक्रारीनं नाही. पुढच्यासाठी जागा केल्यासारखे. एवढं सगळं ती दर वेळी करत होती. मी काटा बघत होतो तेव्हा, त्याच वेळी, इकडे हे चालू होतं. माणसं मोजणारी जहाजावरची एक मुलगी बायकोपाशी आली आणि तिनं आमच्या खोलीचा क्रमांक पुकारला. “एक जण कमी आहे. काकी, तुमचे मिस्टर?”

“येतायत,” बायको म्हणाली. जिन्यावरची नजर तिनं काढली नाही. “त्यांना जरा खालून यावं लागतं. वेळ लागतो. पण येतात हो, दर वेळी येतात.”

“आलोय!” मी ओरडलो.

मी आयुष्यात चार माणसांत ओरडलो नव्हतो. ही शे-दोनशे होती. सगळ्यांच्या माना वळल्या. रांगेच्या मधून तोफवाल्यांनी मला बघितलं आणि दोन्ही मुठी डोक्यावर नेल्या, तोफेचा गोळा नेमका बसल्यावर नेतात तशा. बायको वळली. आधी जिन्याकडे, मग माझ्याकडे, मग माझ्या मागच्या दाराकडे. “इकडून कुठून?”

“वर गेलो होतो. तुला बघायला.”

ती थांबली, तिच्या सवयीनं. पलीकडे कोणी आहे ना याची खात्री करून घेत. मग तिनं जाकीट माझ्या डोक्यातून घातलं, पट्टा ओढून इतका घट्ट बांधला की मला खोकला आला. “किती धापा टाकताय! हे वय आहे का जिने चढायचं?” ती चिडून म्हणाली आणि तिचे डोळे वाहत होते. मी तिचा हात धरला. चार माणसांत. तो घामेजलेला होता, मी धरला तसा तिनं उलटा घट्ट धरला. वरून गोड आवाज पुन्हा गोड झाला. मुदपाकखान्यातल्या एका कढईला आग लागली होती, ती विझवली आहे, सर्वांनी सहकार्य केल्याबद्दल आभारी आहोत. लोक हसायला लागले, जाकिटं काढायला लागले, कोणी जेवणाचं काय असं विचारायला लागलं. आम्ही तसेच उभे होतो. पायांखाली, सगळ्या मजल्यांच्या तळाशी, यंत्रं चालू होती. तो बारीक थरथराट मला अजूनही टाचांतून ओळखता येतो. दाब ठीक होता. तिथं कोणीतरी काटा बघत होतं.

“चला आता,” बायको म्हणाली. “सगळे गेले.”

“जाऊ देत,” मी म्हणालो. “थांब जरा. मला समुद्र बघायचाय.”